श्रीकृपेकरून

कुणी पाठवलेलं गाठोडं थेट सोडायचं नाही, आधी आत काय आहे ते विचारायचं, ही माझी जुनी सवय. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर ‘टार’ हे फाइली एकत्र बांधणाऱ्या प्रोग्रामचं नाव लिहायचं, पुढे ‘टी’ आणि ‘एफ’ ही दोन अक्षरं, मग फाइलीचं नाव. ‘टी’च्या जागी ‘एक्स’ लिहिलं की गाठोडं सुटतं, ‘सी’ लिहिलं की नवं बांधलं जातं. ‘टी’ मात्र कशालाच हात लावत नाही, नुसती यादी वाचून दाखवते. काही गाठोडी फार घाईत बांधलेली असतात. सोडली की शेकडो फाइली तुम्ही बसला असाल तिथेच सांडतात, आणि आपलं कुठलं नि आलेलं कुठलं हे निवडत बसावं लागतं. म्हणून आधी यादी. पण खरं सांगायचं तर सावधगिरीपेक्षा मला ती नावं सरकताना बघायला आवडतं. खालून एकेक ओळ येते, वर जाते, दिसेनाशी होते. कुणीतरी ठरवलेलं असतं की हे सगळं एकत्र राहायला हवं.

अलीकडे ही नावं आमच्या पनवेलची आहेत. जुन्या पनवेलात, टिळक रोडच्या आतल्या बाजूला काकांचं डीटीपीचं दुकान होतं. लेटरहेड, पावतीपुस्तकं, गणपतीच्या वर्गणीची पत्रकं, आणि या सगळ्याहून अधिक लग्नपत्रिका. काका गेल्यावर काकूने त्यांचा जुना संगणक आणि सीडींची चळत माझ्या स्वाधीन केली. “तुला कळतं त्यातलं. बघ, काही राहतंय का,” एवढंच म्हणाली. काकांनी गावागणिक एकेक फोल्डर केला होता. डॉसच्या काळात नाव आठ रोमन अक्षरांतच बसवावं लागे. पुढे ती अट गेली, तरी काकांचा हात आठवर थांबायचा तो थांबायचाच. त्यामुळे कोपर, कोल्ही, उलवे, तरघर ही नावं पुरी आली आहेत आणि कोंबडभुजे बिचारं ‘कोंबडभ’पाशी तुटलं आहे. हे सगळे फोल्डर मी टारने एकत्र बांधले. यादी चालवली की हीच गावं एकामागून एक येतात.

टार मुळात टेपसाठी जन्मलं. १९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती आली, तिच्यात ते पहिल्यांदा होतं. त्या काळी जपून ठेवायचं ते बहुधा चुंबकीय फितीवर, आणि फितीवर उडी मारून मधल्या पानावर जाता येत नाही. सुरुवातीपासून चालत जावं लागतं. टारची रचना त्या चालण्याला साजेशी आहे. प्रत्येक फाइलीच्या आधी ५१२ बाइटांचा एक मथळा असतो. त्यात फाइलीचं नाव, मालकाचा आकडा, कोणाला वाचायला-लिहायला परवानगी आहे ते, फाइल किती मोठी, शेवटची कधी बदलली, आणि मथळा शाबूत आहे का हे पडताळायला एक बेरीज. मग प्रत्यक्ष फाइल. मग पुढच्या फाइलीचा मथळा. शेवटी ५१२ बाइटांचे दोन कोरे ठोकळे आले की संपलं. कुठेही अनुक्रमणिका नाही. शिवाय मथळ्यातले आकडे साध्या, वाचता येणाऱ्या अंकांत लिहिलेले असतात, दहाऐवजी आठच्या पटीत मोजलेले. त्यामुळे टारचा प्रोग्राम हाताशी नसला तरी चिकाटीचा माणूस नुसत्या डोळ्यांनी मथळे शोधून फाइली सोडवू शकतो. मला या साधेपणाविषयी फार आदर आहे. ज्यांनी हे ठरवलं त्यांना कल्पनाही नसेल की चाळीसहून अधिक वर्षांनी फिती घरा-दुकानांतून जवळजवळ दिसेनाशा झालेल्या असतील आणि पनवेलात बसून कुणी याच मथळ्यांत लग्नपत्रिका बांधत असेल.

मूळ रचनेत नावासाठी १०० बाइटांची जागा होती. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट घेतं, म्हणजे काना-मात्रा-वेलांट्या धरून ३३ चिन्हं झाली की जागा संपली. पुढे टारचे नवे प्रकार आले आणि ही अडचण उरली नाही. डॉसची आठ अक्षरांची अटही नाही, त्यामुळे कोंबडभुजे आता पुरं लिहिता येतं. मी फोल्डराचं नाव दुरुस्त केलं नाही. काकांनी लिहिलं तसंच राहू दिलं आणि शेजारी एक साधी मजकूर-फाइल ठेवली, तिच्यात तुटलेल्या प्रत्येक नावापुढे पुरं नाव आहे.

टारविषयी नव्या मुलांचा एक गैरसमज असतो. त्यांना वाटतं, टार केलं की फाइल लहान होते. होत नाही, उलट थोडी वाढते. टार फक्त बांधतं. दाबण्याचं काम दुसऱ्याचं, जीझिपचं किंवा त्याच्या नंतरच्या बीझिप-टू, एक्सझेडचं. ही दोन कामं वेगळी ठेवली याचं मला नेहमीच अप्रूप वाटत आलं आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रुमाल म्हणजे चौकोनी कापड. त्यात कागद एकावर एक ठेवायचे आणि चारी टोकं बांधायची. रुमाल कागदाला दाबत नाही, घडी मोडत नाही, मजकुराला हात लावत नाही. कोणते कागद एकत्र, हे मात्र सांगतो. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. ते शक्य झालं कारण आधी कुणीतरी रुमाल बांधून ठेवले होते. आणि जिथे बांधलं नव्हतं तिथे इतिहासाचार्य राजवाड्यांसारखा माणूस गावोगाव हिंडला, माळ्यांवरून, रद्दीतून कागद वेचत. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ सालचा.

दाबण्याचं काम मला काकांच्या पत्रिकांनी जितकं नीट समजावलं तितकं कुठल्या पुस्तकाने नाही. जीझिप १९९२ साली आलं. ज्यां-लू गाय्यी आणि मार्क ॲडलर यांनी ते लिहिलं, कारण आधीच्या ‘कॉम्प्रेस’ प्रोग्रामची पद्धत पेटंटांत अडकली होती. त्याच्या पोटातली कल्पना त्याहून जुनी, अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह यांची, १९७७ सालची. मजकूर वाचत जायचं. एखादा तुकडा आधी येऊन गेलेला असेल तर तो पुन्हा लिहायचा नाही. ‘इतकं मागे जा, तिथून इतकं उचल’ अशी नुसती खूण लिहायची. जीझिपची नजर ३२ किलोबाइट मागेपर्यंतच पोचते, त्यापलीकडचं ते विसरतं. म्हणून एका गावच्या पत्रिका शेजारी-शेजारी ठेवल्या तर त्या अधिक दबतात.

आता पत्रिका आठवून पाहा. वर श्री कुलस्वामिनी एकवीरा प्रसन्न. मग ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’. मग ज्येष्ठ चिरंजीव किंवा कनिष्ठ कन्या, चि. सौ. कां., यांचा शुभविवाह, आपली उपस्थिती प्रार्थनीय, हळदी समारंभ आदल्या दिवशी, समस्त परिवार व ग्रामस्थ, आणि तळाशी छोट्या अक्षरांत माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं. पहिल्या पत्रिकेत हे सगळं अक्षरन् अक्षर लिहिलं जातं. दुसरीपासून फक्त खुणा. श्रीकृपेकरून, मागे बघ. प्रार्थनीय, मागे बघ. यायचं हं, तेही मागे. दाबलेल्या फाइलीत जे खरोखर नव्याने लिहावं लागतं ते फार थोडं असतं. नवऱ्या मुलाचं नाव, मुलीचं नाव, बापाचं, आजोबांचं, तारीख, घटिका. आजोबांच्या नावातला ‘हाशा’ किंवा ‘नामा’ही बहुधा आधी येऊन गेलेला असतो, पण त्याच्यापुढे नातीचं नाव येतं ते त्या गावात पहिल्यांदाच. ‘सोनाली’ कधी आली, ‘प्राजक्ता’ कधी आली, हे जीझिपला, त्याच्या नजरेच्या टप्प्यात तरी, कळतं. त्याला तिथे थांबून सगळी अक्षरं लिहावी लागतात.

हे लक्षात आलं त्या संध्याकाळी मी काकूला सांगितलं की या सगळ्या पत्रिका दाबल्या तर खाली फक्त माणसं उरतात. ती निवडलेली मेथी बाजूला सारत म्हणाली, “मग श्रीकृपा कुठे गेली?”

तिने सहज विचारलं असेल, मला मात्र तो प्रश्न सोडून देता आला नाही. त्याचं उत्तर मला पुरात भिजलेल्या अल्बमांत दिसलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच दिवशी गाढी नदीचं पाणी पनवेलच्या सखल आळ्यांत शिरलं होतं. काकांच्या दुकानात खालच्या फळीवर नमुन्याच्या पत्रिकांचे जाड अल्बम होते. काकूने ते पान-पान सुटं करून घरात दोऱ्या बांधून वाळवले. आजही ते तिच्याकडे आहेत, तपकिरी पाण्याच्या रेघा असलेले. त्यातली एखादी पत्रिका हातात घेतली तर अर्ध्या ओळी धुऊन गेलेल्या असतात, तरी आपण ती वाचतो. ‘आमचे येथे श्री’ एवढं दिसलं की पुढचं डोळा भरून काढतो. ‘आपली उप’ म्हटलं की पुरे. पुन्हापुन्हा येणारं जे आहे ते पाण्याला पुरून उरतं, कारण ते आपल्यालाही पाठ असतं. त्याच्या आधाराने हेही कळतं की गेलेली ओळ मुलीच्या मामाची होती. मामाचं नाव काय, ते मात्र गेलं.

दाबलेल्या फाइलीला हा आधार उरत नाही. जीझिपच्या फाइलीत मध्येच एखादा बाइट बिघडला तर त्याच्यापुढचं बहुधा सगळंच हातचं जातं, कारण पुढची प्रत्येक खूण मागच्या कशावर तरी टेकलेली असते. शेवटी पडताळणीचा आकडा असतो, तो बिघाड झाल्याचं सांगतो, बिघडलेलं परत आणत नाही. नुसत्या टारमध्ये असा बाइट बिघडला तर ती एक फाइल खराब होते. पुढचा मथळा सापडला की गाडी पुन्हा चालू. आमच्याकडे पावसाळ्यात सीडीलाही बुरशी धरते. त्यामुळे मी ठरवलं की पाठवायची प्रत दाबलेली असली तरी ठेवायची प्रत न दाबता ठेवायची. सगळ्या श्रीकृपेसकट. जागा लागली तर लागू दे. आजच्या डिस्कांपुढे काकांचं सगळं आयुष्य तसंही फार थोडी जागा घेतं.

मात्र गाठोडं सुटलं म्हणजे वाचता आलं असं नाही. काकांच्या फाइली टारमधून बाइटाला बाइट जुळून बाहेर आल्या आणि पडद्यावर उमटला तो रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि फ्रेंच टिंबांचा गोंधळ. त्या काळच्या मराठी फॉन्टांत देवनागरीची वळणं रोमन अक्षरांच्या घरांत बसवलेली असत. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर काहीच नाही. देवनागरीला स्वतःची घरं देणारं युनिकोड १९९१ सालीच आलं होतं, पण ते छोट्या दुकानांपर्यंत पोचायला पुष्कळ वर्षं गेली. आता काकांच्या मजकुराचं रूपांतर करणारा छोटा प्रोग्राम मी लिहिते आहे. सगळ्यात जास्त दमवते ती ऱ्हस्व वेलांटी. जुन्या फॉन्टांत ती अक्षराच्या आधी टाइप होई, जशी डोळ्याला दिसते तशी. युनिकोडात ती अक्षराच्या नंतर येते, जशी उच्चारात येते तशी. ‘चिरंजीव’मधली पहिली वेलांटी उचलून ‘च’च्या पलीकडे ठेवावी लागते. रफाराचं नेमकं उलट. रूपांतरानंतर मजकूर दुपटी-तिपटीने फुगतो, कारण तीन बाइटांची अक्षरं. पण दाबून पाहिला तर फारसा वाढलेला नसतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच आणि दुसरा दोहोंपैकी एक असतो, तेव्हा जीझिपला तिथेही मागे बोट दाखवता येतं.

जुना फॉन्टही मी गाठोड्यात काकांच्या फाइलींशेजारी ठेवला आहे. मूळ फाइली तशाच, रूपांतर वेगळ्या फोल्डरात, आणि रूपांतर करणारा प्रोग्रामही. पेशवे दफ्तराचे रुमाल आजही सुटतात, पण मोडी वाचणारी माणसं कमी होत गेली आणि कागद गप्प झाले. आमच्या पनवेल तालुक्यात जमिनींच्या निमित्ताने जुने मोडी कागद घराघरांतून बाहेर आले, तेव्हा लोक ते घेऊन वाचणाऱ्यांच्या शोधात हिंडलेले मी पाहिले आहेत. कागद हातात आणि आजोबांनी काय लिहिलं ते कळत नाही. मोडीला २०१४ साली युनिकोडात जागा मिळाली. त्याने छापणं सोपं होईल. वाचायला माणूस लागेलच.

तारखांचीही एक गंमत आहे. टार प्रत्येक फाइलीची शेवटची वेळ जपून ठेवतं, १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत, आणि सोडताना तीच वेळ परत लावतं. पण काकांच्या पुष्कळ फाइलींवर १ जानेवारी १९८० ही तारीख आहे. तेव्हा त्यांचं दुकान नव्हतंच. संगणकाच्या आतली छोटी बॅटरी संपली की डॉसचं घड्याळ आपल्या पहिल्या दिवसावर जाऊन बसायचं, आणि काकांना लग्नसराईत घड्याळाकडे बघायला फुरसत कुठली. म्हणून मी बाहेरची तारीख सोडून आतली वाचते. ‘रविवार’, ‘वैशाख शुद्ध’, ‘शके १९१९’. जुन्या मराठी पत्रांतही अनेकदा महिन्याचा चंद्र, म्हणजे दिवस, असतो आणि साल नसतं. अभ्यासकांनी मजकुरातल्या एखाद्या मोहिमेवरून, एखाद्या मृत्यूवरून ती सालं लावली. माझं काम फार सोपं आहे. मुहूर्त चुकवून चालत नाही, त्यामुळे पत्रिकेतला वार आणि तिथी खरी असते.

पत्त्याचं मात्र इतकं सोपं नाही. ‘विवाहस्थळ : वराच्या राहत्या घरी, मु. कोपर, ता. पनवेल, जि. रायगड.’ ते राहतं घर आता नाही. नवी मुंबईच्या विमानतळासाठी कोपर, कोल्ही, चिंचपाडा, तरघर, वरचं ओवळं, उलवे, कोंबडभुजे अशी दहा वस्त्यांतली माणसं उठली. उलव्याचा डोंगर कापला, नदीचा प्रवाह वळवला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. बरीचशी कुटुंबं वडघर-करंजाड्याच्या बाजूला नव्या भूखंडांवर आली. त्यांच्या पत्रिका आजही निघतात, रंगीत, मोबाइलवर येणाऱ्या. पत्त्यात सेक्टर आणि प्लॉट नंबर.

टारला एक शहाणी खोड आहे. फाइलीचा पत्ता अगदी मुळापासून, तिरक्या रेघेने सुरू होत असेल तर बांधताना टार ती पहिली रेघ काढून टाकतं आणि तसं सांगतंही. त्यामुळे गाठोडं आपल्या जुन्याच जागी सुटायचा हट्ट धरत नाही. उघडणारा जिथे असेल तिथे, त्याच्या पायाशी सुटतं, आतली रचना जशीच्या तशी. फोल्डरात फोल्डर, फाइलीशेजारी फाइल. गावाला हे जमत नाही. नवी घरं बांधून झाली तरी कोणाच्या अंगणाला कोणाची पडवी लागून होती, हळदीच्या रात्री बँजो कुठल्या वळणावर थांबायचा, खाडीकडे उतरणारी वाट कुणाच्या दारावरून जायची, हे शेजार सोबत आले नाहीत. पत्रिकांत त्यातलं थोडं आहे. ‘मांडव : हनुमान मंदिराशेजारी’, ‘शाळेच्या मागे’, ‘जेटीजवळ’. हे तुकडे वेगळे काढून ठेवावेत असं मला वाटू लागलं आहे. एकेका गावाच्या पत्रिका शेजारी ठेवल्या तर देवळाशेजारी कोण, शाळेमागे कोण, एवढं तरी लागेल.

यातून वेगळीच अडचण उभी राहते. ही माणसं आहेत, नुसती नावं नाहीत. पत्रिका गावभर वाटली जाते हे खरं, पण ती गावापुरती असते. कोणी परक्याने चाळावी म्हणून नाही. सगळं गाठोडं कुणालाही उचलता येईल असं ठेवणं मला पटत नाही. पण पेटीत ठेवलं तर काकांच्या सीडींचं झालं तेच होणार. काकूचं मत स्पष्ट आहे. “ज्या गावच्या, त्या गावाला दे. त्यांचं त्यांना कळेल कुणाला दाखवायच्या.” म्हणून आता एकाच मोठ्या गाठोड्याऐवजी गावागणिक वेगळी बांधायचं चाललं आहे. कोल्हीचं एक, तरघरचं एक, ओवळ्याचं एक. प्रत्येकात मूळ फाइली, वाचता येतील असं रूपांतर, फॉन्ट, आणि हे सगळं काय आहे, कसं उघडायचं ते साध्या मराठीत लिहिलेलं एक पान. ते पान लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो आहे. वाचणारा कोण असेल, त्याच्यासमोर कसला पडदा असेल, ‘टी’ आणि ‘एक्स’ही त्याला ठाऊक असतील की नाही, काही सांगता येत नाही. गावाला द्यायचं म्हणजे नेमकं कुणाच्या हातात, हेही एकेका गावात विचारूनच ठरेल. तरघरच्या मंडळींशी बोलणं झालं आहे. कोंबडभुज्याच्या पत्रिकांतल्या वेलांट्या अजून लावायच्या आहेत. काकू जुने अल्बम घेऊन शेजारी बसते, धुऊन गेलेल्या ओळींच्या जागी कुणाचा मामा असेल ते आठवून सांगते, आणि मी ते चौकोनी कंसात लिहून ठेवते, म्हणजे छापलेलं कुठलं आणि आठवलेलं कुठलं हे पुढच्याला वेगळं करता येईल.